‘विक्रीत अव्वल’ म्हणजे नेमके काय मोजले?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून आठवड्याच्या अव्वल अल्बमांचे एक सदर प्रसिद्ध होत आहे. डावीकडे परदेशी अल्बमांची क्रमवारी, उजवीकडे आपल्याकडच्या मराठी गाण्यांची, आणि दोहोंच्या डोक्यावर ‘विक्रीत अव्वल’ हे एकच शीर्षक, असे त्याचे स्वरूप असते. अमळनेर येथे १९८६ ते २००७ अशी एकवीस वर्षे मी कॅसेटचे दुकान चालवले असल्यामुळे ‘विक्री’ या शब्दाबाबत मी जरा हळवा आहे, आणि त्याच कारणाने हे पत्र लिहीत आहे. सदर बंद करावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पुरवणी हातात पडली की मी पहिल्यांदा तेच पान उघडतो. तक्रार एवढीच की त्यात काय मोजले, कुठे मोजले आणि कोणत्या सात दिवसांत मोजले, यांपैकी एकही गोष्ट वाचकाला कळत नाही.

आपलेच दैनिक बाजारभाव छापते तेव्हा किती काटेकोर असते! बाजार समितीचे नाव, शेतमालाची आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर, एवढे सगळे रकाने भरल्याशिवाय कापसाची किंवा मक्याची एक ओळही छापली जात नाही. केळीचा भाव रावेरचा की बऱ्हाणपूरचा हे न लिहिता नुसताच आकडा छापला, तर दुसऱ्या दिवशी शेतकरी आपल्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसतील. गाण्यांच्या आकड्यांसाठी कोणी येऊन बसत नाही, म्हणून ते कसेही छापावेत, असे तर नाही ना?

आधार न सांगता केलेल्या मोजणीत मी स्वतः हातभार लावलेला आहे, तेव्हा आधी माझेच सांगतो. नव्वदच्या दशकात निरनिराळ्या कॅसेट कंपन्यांचे सेल्समन दर आठवड्याला दुकानात येत. ऑर्डर लिहून झाली की ते वहीचे शेवटचे पान उघडून विचारत, “भाऊ, या हप्त्यात उठाव कशाला?” माझे बिलबुक समोरच पडलेले असे, पण ते उघडून बेरीज करण्याइतका वेळ त्यांनाही नसे आणि मलाही नसे. मी मागच्या फळीकडे पाहून नावे सांगत असे. त्या फळीवर पुढच्या रांगेत ज्या कॅसेट उभ्या असत त्या बहुधा ‘दहावर एक फुकट’ अशा स्कीममध्ये मी लोभाने उचललेल्या आणि मग महिनोन्महिने अडकून पडलेल्या असत. ज्या मालाला खरोखर उठाव होता त्याचे नाव सांगून मला काय मिळणार होते? तो आपसूकच जात होता. अडकलेल्या मालाचे नाव सांगितले तर निदान ते पुढे कुठे तरी छापून येण्याची आणि गिऱ्हाईक ते विचारत येण्याची शक्यता तरी होती. पुढे कंपनीकडून दुकानात लावायला ‘टॉप टेन’चे रंगीत पोस्टर आले की त्यावर माझ्याच तोंडची दोन-तीन नावे मला दिसत आणि क्षणभर वाटे, अरे, हा माल खरेच चालतो की काय!

ही युक्ती अमळनेरची खास नव्हती आणि तेव्हाची नवीही नव्हती. ब्रिटनमधली पहिली क्रमवारी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून कोणत्या रेकॉर्डी जास्त खपतात हे विचारले आणि त्यावरून ती यादी बेतली; क्रमांक बारा होते, पण काहींची बरोबरी झाल्याने गाणी पंधरा भरली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३ डिसेंबर १९५२ रोजी, रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला तिच्यातल्या गाण्यांना क्रम नव्हता. ‘पायदान’, म्हणजे क्रमाची पायरी, नंतर आली, आणि ती ठरवताना निवडक दुकानांमधला रेकॉर्डींचा खप आणि श्रोत्यांच्या फर्माइशी असे दोन्ही आधार धरले जात. दुकानदार काय सांगतो एवढ्यावरच विसंबून चालणार नाही हे त्या मंडळींनी फार लवकर ओळखले होते. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यातल्या एकमेव रेडिओभोवती पंधरा-वीस माणसे जमत, आणि एखादे गाणे पायदान उतरले की लग्न मोडल्यासारखी हळहळत. त्यांच्यातल्या एकानेही रेकॉर्ड कधी विकत घेतलेली नव्हती, ही गोष्ट मोजणीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकाने अल्बमांची साप्ताहिक क्रमवारी १९५६ पासून नियमित छापली, आणि पुढची पस्तीस वर्षे तिचा पाया दुकानांनी कळवलेली क्रमवारी हाच होता. २५ मे १९९१ च्या अंकापासून त्यांनी ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत स्वीकारली. तिच्यात दुकानदाराला काही विचारायचेच नव्हते. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की तेवढी एक प्रत विकली गेली, अशी सरळ नोंद होत होती. त्यानंतर जे घडले ते आपल्या सदर-लेखकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. महिन्याभरात कॉम्प्टन या लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या गावातून आलेल्या एका रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावरच दाखल झाला. कंट्री संगीतात हे पहिल्यांदाच घडत होते. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली नव्हती. खेड्यापाड्यांतले आणि गरीब वस्त्यांमधले लोक जे संगीत आधीपासूनच विकत घेत होते, ते फोनवर नावे सांगणाऱ्या दुकानदाराच्या लेखी फारसे नव्हते, एवढेच त्या यंत्राने उघडे केले.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझ्या काउंटरखालचे खोके आठवले. त्या खोक्यात अहिराणी कॅसेट असत. धुळे, नंदुरबार, चाळीसगाव अशा ठिकाणची मंडळी स्वतःच्या पैशाने ध्वनिमुद्रण करून, साधे दोन रंगांचे वेष्टन घालून, पन्नास-शंभर नग पिशवीतून आणून देत. त्यांना ना स्कीम होती, ना पोस्टर. आखाजीच्या आधी गौराईची गाणी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईची गाणी, चैत्रात सप्तशृंगगडावर पायी निघणाऱ्यांसाठी देवीची गाणी, आणि लग्नसराईत हळदीची. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की ते खोके दिवसाला दोनदा रिकामे होई. बँडवाले तर एकच कॅसेट दोन-दोन घेत. सराव करताना फिरवून फिरवून पहिली तुटणार हे त्यांना ठाऊक असे. पण “उठाव कशाला?” या प्रश्नाला उत्तर देताना एवढ्या वर्षांत मी त्या खोक्यातले एकही नाव कधी सांगितले नाही, कारण विचारणाऱ्याच्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. काउंटरवरचा तो दुकानदार मीच होतो.

जाता जाता आणखी एक कबुली. त्या काळात आम्ही सर्रास ‘कॅसेट भरून’ देत असू. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर गाण्यांची यादी घेऊन येई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पसंतीची गाणी भरून घेऊन जाई. कायद्याने ते चुकीचे होते. मोजणीच्या अंगाने पाहिले, तर लोकांना नक्की काय ऐकायचे आहे याचा त्या याद्यांइतका स्वच्छ पुरावा दुसरा नव्हता, आणि तो कोणत्याही हिशेबात आला नाही. पुढे एका चकतीत शे-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आली, मग मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या, आणि माझे शटर खाली आले.

आता आपल्या सदराच्या डाव्या बाजूविषयी. एखादा अल्बम ‘अमुक हजार प्रती विकून’ पहिला आला, असे आपण लिहिता. मूळ क्रमवारीत ती संख्या प्रतींची नसते. ती ‘समतुल्य अल्बम’ या हिशेबी एककाची असते, आणि त्या एककात दुकानातून विकलेल्या प्रतींबरोबर ऑनलाइन ऐकले जाणेही अल्बमच्या मापात रूपांतरित करून मिळवलेले असते. बिलबोर्डने डिसेंबर २०१४ मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा अल्बममधली दहा सुटी गाणी विकली जाणे किंवा त्यातली गाणी १,५०० वेळा ऐकली जाणे म्हणजे एक अल्बम, असे माप ठरले. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी १,२५० आणि जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३,७५० असे दोन भाग केले गेले, आणि जानेवारी २०२६ पासून हीच मापे अनुक्रमे १,००० आणि २,५०० करण्यात आली. याचा अर्थ असा की दहा गाण्यांचा अल्बम पैसे भरणाऱ्या एखाद्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभर वेळा ऐकला तर त्याची एक प्रत खपली, आणि फुकट ऐकणाऱ्याने अडीचशे वेळा ऐकला तर एक. त्याच न्यायाने पंचवीस गाण्यांचा अल्बम पैसे भरणाऱ्याने चाळीसदा ऐकला की पुरे. गाण्यांची संख्या वाढवली की अल्बम लवकर ‘विकला’ जातो, हे गायकांच्या आणि कंपन्यांच्या लक्षात आले नसेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही. अल्बमांची लांबी अलीकडे का वाढते, याचे एक कारण या गणितातही दडलेले आहे.

हे माप सर्वांना मान्य आहे असेही नाही. पैसे भरणारा आणि न भरणारा यांना एकाच तागडीत तोलावे, असा यूट्यूबचा आग्रह होता. तो मान्य न झाल्याने, १६ जानेवारी २०२६ नंतर आपली आकडेवारी बिलबोर्डला देणार नाही, असे यूट्यूबने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. एवढ्या बलाढ्य मंडळींचे ‘एक अल्बम म्हणजे किती’ यावर एकमत होत नसताना, आपण मात्र त्या साऱ्याचे भाषांतर ‘विक्री’ या दोन अक्षरी शब्दात करून मोकळे होता. मी अमळनेरच्या बाजारात फुकट ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक कधीच म्हटले नाही. कौतुकाने चहा मात्र पाजला.

‘गोल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’ हे शब्दही आपल्या सदरात क्रमवारीच्या जोडीने येतात, त्यांचा उलगडा थोडक्यात करतो. अमेरिकेत ही प्रमाणपत्रे रेकॉर्ड कंपन्यांची संघटना देते, अल्बमसाठी ती अनुक्रमे ५ लाख आणि १० लाखांवर मिळतात, आणि ती पूर्वापार कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालावर बेतलेली होती; २०१६ पासून त्यांत ऑनलाइन ऐकले जाणेही धरतात. पाठवलेला माल म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘उचल’, विक्री नव्हे. उचल आणि विक्री यांच्या मधल्या जागेत माझ्या दुकानाची मागची फळी होती.

उजव्या बाजूची गत याहून अवघड आहे. तिथे शीर्षक ‘अल्बम’ असे असले तरी यादी सुट्या गाण्यांची असते, कारण आपल्याकडची बहुतेक नवी गाणी आता एकेक करूनच येतात. आकडा असतो तो यूट्यूबवर गाण्याखाली दिसणाऱ्या व्ह्यूजचा, आणि तोही आठवड्याचा नसून गाणे चढवल्या दिवसापासूनचा एकूण. समजा, तीन वर्षांपूर्वीच्या एका गाण्याचे एकूण व्ह्यूज १० कोटी आहेत आणि या आठवड्यात त्यात जेमतेम २ लाखांची भर पडली. दुसरे गाणे सोमवारीच आले आणि शनिवारपर्यंत ८ लाखांवर गेले. आठवड्याचे अव्वल गाणे कोणते, हे सांगायला पंचांग लागत नाही. तरी आपल्या सदरात पहिलेच गाणे वर राहते आणि वर्षभर वरच राहील, कारण एकूण बेरीज कधी कमी होत नसते. धरणातला साठा आणि आजचा पाऊस यांत फरक आहे. पावसाळ्यात आपण हतनूरच्या बातमीत दोन्ही वेगवेगळे छापता.

शिवाय व्ह्यूज विकतही मिळतात. जाहिरात म्हणून गाणे लोकांपुढे ढकलून वाढवलेले व्ह्यूज आपल्या संगीत-क्रमवारीत आणि पहिल्या २४ तासांच्या विक्रमात धरायचे नाहीत, असे खुद्द यूट्यूबने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवले. म्हणजे ज्याचा तो मंच आहे त्यालाही क्रमवारीसाठी निराळी चाळणी लावावी लागली. आपले सदर घेते तो गाण्याखाली दिसणारा आकडा. त्या चाळणीतून गाळलेला हिशेब तो नव्हे.

आणि आता माझ्या खोक्याची गोष्ट पुन्हा येते. आपल्या ‘मराठी’ यादीत अधूनमधून जी गाणी पहिल्या पाचांत दिसतात, त्यांतली काही सरळसरळ अहिराणी आहेत. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा स्वतंत्र नोंदलेली असून ती बोलणाऱ्यांची संख्या १८ लाख ६० हजारांच्या घरात आहे, आणि अहिराणीची गणना तिच्यातच होते. पण माझ्या फोनवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये भाषा निवडण्याच्या यादीत अहिराणी नाही; सेल्समनच्या वहीत रकाना नव्हता तसाच इथेही नाही. भारतीय रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये साप्ताहिक अधिकृत क्रमवारी सुरू केली, तीही परदेशी गाण्यांची. तेव्हा आमच्या गाण्यांची मोजणी करायची तर ती इथल्याच कोणी तरी करायला हवी, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बातमीदार असलेल्या दैनिकाइतके ते दुसऱ्या कोणाला सोपे जाणार?

माझी विनंती फार मोठी नाही. यादीखाली बारीक टाइपात का होईना, दोन ओळी छापाव्यात: आकडा कशाचा आहे, कुठून घेतला, आणि कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतचा आहे. परदेशी अल्बमांसाठी ‘विक्री’ऐवजी ‘समतुल्य अल्बम’ असा शब्द वापरावा. वाचक दोन आठवड्यांत सरावतील, ‘सर्वसाधारण दर’ याला सरावलेच ना? उजवीकडे एकूण व्ह्यूजऐवजी आठवड्यात पडलेली भर छापावी, आणि अहिराणी गाण्यांची यादी वेगळी करावी. तिला जोड म्हणून तिन्ही जिल्ह्यांतल्या दहा-पंधरा बँडवाल्यांना आणि डीजेवाल्यांना, या आठवड्यात वरातीत काय वाजवायला सांगितले, हे विचारता येईल. मात्र किती जणांना विचारले तो आकडाही सोबत छापावा, आणि त्यांना त्यांच्या मागच्या फळीकडे पाहून उत्तर देऊ देऊ नये, एवढी सूचना माझ्यासारख्याने करायलाच हवी.

हे काम किती वेळ खाते ते पाहावे म्हणून गेले आठ गुरुवार मी रात्री दहा वाजता वीस अहिराणी गाण्यांचे आकडे वहीत उतरवतो आणि मागच्या गुरुवारचे वजा करतो. सगळे मिळून पाऊण तास लागतो. या आठ आठवड्यांत कानबाईचा रविवार येऊन गेला. त्या हप्त्यात माझ्या वहीतला क्रम वरखाली होऊन पार उलटा झाला, आणि आपल्या सदरात मात्र एकही क्रमांक जागचा हलला नाही. वहीच्या त्या पानांच्या छायाप्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. पाचव्या गुरुवारी रात्री लाइट गेल्यामुळे आणि मोबाइलची बॅटरी उतरल्यामुळे आकडे शुक्रवारी सकाळी सात वाजता घेतले आहेत. त्यामुळे त्या आठवड्याला नऊ तास जास्त आणि पुढच्या आठवड्याला नऊ तास कमी मिळाले असून, तशी नोंद दोन्ही पानांवर लाल शाईने केली आहे.

आपला,
एक जुना कॅसेट-दुकानदार,
अमळनेर, जि. जळगाव